सिनेमाची थीम आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद : शाळेच्या प्रकल्पात या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की माध्यम अभ्यासाचे प्रकल्प माझ्या टेबलावर येऊन पडतात. मुलं बदलतात, सिनेमे बदलतात, चुका मात्र त्याच. पहिल्या पानावर ‘थीम : जातिव्यवस्था’ किंवा ‘थीम : मैत्री’, खाली दुहेरी रेघ. शेवटच्या पानावर ‘प्रेक्षकांना चित्रपट खूप आवडला व ते भावुक झाले’. कुठले प्रेक्षक, कुठे बसले होते, भावुक झाले हे कशावरून कळलं, यातलं काहीच नाही. मधल्या पानांवर गोष्ट आणि नेटवरून उतरवलेले फोटो. मुलं हुशार असतात, पण सिनेमा बघायच्या आधीच निष्कर्ष लिहून मोकळी होतात, आणि खालच्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

एका शब्दाची थीम

‘जातिव्यवस्था’ एवढं लिहिल्याने सिनेमाचा विषय कळतो. सिनेमा त्या विषयाबद्दल काय म्हणतो, ते कळत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ चा, ‘सैराट’ २०१६ चा. दोन्हींत जात आहे, दोन्हींत कोवळ्या वयातलं प्रेम आहे. ‘जात आणि प्रेम’ असं लिहून थांबलात तर दोन्ही सिनेमे एकच ठरतात, आणि ते एक नाहीत हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही.

यावर मुलं हमखास एक दुरुस्ती करतात : ‘जातिव्यवस्था वाईट आहे असा संदेश हा चित्रपट देतो.’ हे तर तुम्हाला सिनेमा लावण्याआधीच माहीत होतं. माझी कसोटी साधी आहे. सिनेमा न बघता लिहिता आलं असतं असं वाक्य वहीत ठेवायचं नाही.

मग काय लिहायचं? आधी प्रसंग. ‘फँड्री’त जब्या या शाळकरी नायकाचं कुटुंब डुक्कर पकडत असतं आणि ते आता हाती लागणार, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागीच उभा राहतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटतं. पुढे पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते. तिच्यावर आंबेडकर, जोतीराव आणि सावित्रीबाई यांची चित्रं आहेत. गावातली माणसं, शाळेतली मुलं हे सगळं तमाशा बघावा तसं बघत असतात. हे तिन्ही प्रसंग शेजारी शेजारी मांडले की वाक्य आपोआप आकार घेतं : ‘समता भिंतीवर रंगवणारं गाव त्याच भिंतीसमोर चाललेल्या अपमानाची करमणूक करून घेतं.’ तुमचं वाक्य वेगळं असू शकेल. वेगळं असलेलं मला आवडेलच, फक्त त्याखाली प्रसंग हवेत.

माझ्या वर्गात वहीच्या डाव्या पानावर फक्त प्रसंग लिहायचे असतात : काय दिसलं, काय ऐकू आलं, कॅमेरा कुठे होता. डावं पान भरेपर्यंत उजवं कोरं. घाई असलेल्या मुलांना हा छळ वाटतो. ‘बाई, थीम आम्हाला माहितीये, डायरेक्ट लिहू का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो आणि माझं उत्तर दरवर्षी ‘नाही’ असतं. ज्याला थीम आधीच माहीत असते त्याला प्रसंग दिसत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की याबाबतीत मी सवलत देत नाही.

प्रेक्षक न बघता प्रेक्षकांवर लिहिणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक ही, आणि तिच्यात शिक्षकही सामील असतात.

एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांना सभागृहात ‘फँड्री’ दाखवला होता. एका गटाकडे प्रेक्षकांचा प्रतिसाद टिपायचं काम होतं. त्यांनी आदल्या रात्री गुगल फॉर्म तयार केला होता आणि अहवालाचा निम्मा मजकूरही. ‘प्रेक्षक अंतर्मुख झाले’ हे वाक्य सिनेमा सुरू होण्याआधीच टाईप झालेलं होतं. सिनेमा सुरू झाल्यावर गटातली सगळी मुलं पहिल्या रांगेत, पडद्याकडे तोंड करून बसली. प्रेक्षक त्यांच्या पाठीमागे.

डुकराच्या पाठलागाला मागच्या रांगांतून हशा उसळला. शिट्ट्याही पडल्या. देखरेखीला असलेले सर ताडकन उठले, दिवे लावले आणि म्हणाले, ‘गप्प बसा! हा हसण्याचा सिनेमा नाही.’ दिवे पुन्हा बंद झाले, पण त्यानंतर कुणी शिंकलंसुद्धा नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, तेव्हाही सभागृह चिडीचूप. गटाने अहवालात लिहिलं : ‘अखेरच्या दृश्यानंतर सभागृहात नीरव शांतता पसरली.’

ती शांतता सरांच्या आवाजाची होती. सिनेमाचा परिणाम म्हणून ती लिहिणं सरळ सरळ चूक आहे. आणि जो हशा दाबला गेला, तोच त्या दुपारचा खरा ऐवज होता. पडद्यावर गाव हसत होतं आणि नेमकी त्याच वेळी आपली मुलंही हसत होती. हसणारा प्रेक्षक गावकऱ्यांच्या बाजूला जाऊन बसला होता, आणि शेवटचा दगड येतो तो त्याच्याच दिशेने. हशा चालू राहिला असता तर तो कुठल्या क्षणी थांबला, कुणाचा आधी थांबला, दगड आला तेव्हा काय झालं, हे टिपता आलं असतं. ते सगळं गेलं.

एवढ्यात एक गोष्ट हाती लागली, तीही गटाबाहेरच्या मुलीकडून. कडेच्या खुर्चीवर बसलेल्या या मुलीने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं : ‘राष्ट्रगीत लागलं तेव्हा पुढच्या रांगेतली दोन मुलं उभी राहायला लागली, एकमेकांकडे बघितलं आणि परत बसली.’ सगळ्या अहवालापेक्षा ही एक ओळ मोलाची. पडद्यावरच्या जब्याची कोंडी त्या दोघांच्या अंगात उतरलेली तिने पाहिली होती.

म्हणून माझा शिरस्ता असा. निरीक्षण करणाऱ्याने सिनेमा आधी पाहिलेला असावा आणि खेळाच्या वेळी भिंतीला पाठ लावून, प्रेक्षकांचे चेहरे दिसतील असं बसावं. कागदावर डावीकडे मिनिटं, उजवीकडे फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं : हसले, कुजबुजले, मोबाईल काढला, एक मुलगी डोळे पुसत होती. ‘भावुक’, ‘अंतर्मुख’, ‘थक्क’ हे शब्द त्या कागदावर नकोत. अर्थ लावायचा तो घरी जाऊन, वेगळ्या कागदावर. आणि शिक्षकांना हात जोडून विनंती : सिनेमाआधी भाषण करू नका, त्याला कोणते पुरस्कार मिळाले ते सांगू नका, आणि मुलं नको तिथे हसली तर हसू द्या. रागवायचंच असेल तर चर्चेच्या तासाला त्या हसण्याबद्दलच बोला.

प्रश्नातच उत्तर

‘या हृदयस्पर्शी चित्रपटातून तुम्हाला कोणता संदेश मिळाला?’ असं विचारल्यावर समोरचा माणूस संदेशच देणार. ‘आवडला का? हो/नाही’ हाही निरुपयोगी प्रश्न. मी एकच प्रश्न आधी विचारायला लावते : ‘कोणता प्रसंग आठवतो?’ आणि तो दुसऱ्या दिवशी, एकेकट्याला. चार मित्रांच्या घोळक्यात विचारलंत तर पहिल्याचं उत्तर चौघांचं होतं.

बारा जणांना विचारून ‘६६.६७ टक्के’ लिहू नका. ‘बारापैकी आठ’ लिहा.

कोथरूडच्या एका सोसायटीतले शेजारी म्हणजे ‘पुणेकर’ नव्हेत. शाळेच्या गेटवरचे काका, स्कूल व्हॅनचे दादा, हडपसरला राहणारी मावशी, यांनाही विचारा. उत्तरं जुळली नाहीत की मुलं घाबरतात. खरं तर तिथूनच लिहायला सुरुवात होते.

तीन खणांत माणसं कोंबणं

माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात प्रेक्षकाच्या तीन भूमिका मांडल्या : सांगितलेला अर्थ मान्य करणारी, तडजोड करणारी आणि विरोध करणारी. मुलं त्या पाठ करतात आणि ज्याला सिनेमा कंटाळवाणा वाटला त्याला ‘विरोधी’ खणात टाकतात. कंटाळा म्हणजे विरोध नव्हे. सिनेमा काय म्हणतोय ते समजून घेऊन ‘मला हे मान्य नाही’ म्हणणारा, तो विरोधी.

तडजोड कशी दिसते, ते एका विद्यार्थिनीच्या आजींनी दाखवलं. त्यांना तिने १९३७ चा ‘कुंकू’ दाखवला. त्यात नीराचं लग्न फसवून एका वयस्कर वकिलाशी लावलं जातं आणि ती त्याला नवरा मानायला नकार देते. आजी म्हणाल्या, ‘पोरीचं सगळं बरोबर आहे गं. पण म्हाताऱ्याला शेवटी असं मारायला नको होतं.’ नीराची बाजू मान्य, वकिलाच्या मृत्यूचा शेवट अमान्य. मुलीने हे जसंच्या तसं उतरवलं, हे फार चांगलं केलं. पुष्कळ मुलांनी याचं ‘आजींना चित्रपट आवडला’ करून टाकलं असतं.

‘कुंकू’वर लिहिताना ‘आजच्या पिढीला संथ वाटेल’ हे वाक्य ठरलेलं असतं. वकिलाच्या घरातल्या जुन्या घड्याळाकडे बघा, ते किती वेळा आणि कधी दिसतं ते मोजा, मग संथ म्हणा. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुरातून पुण्यात आली आणि ‘कुंकू’ तिच्या इथल्या स्टुडिओत तयार झाला. १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली ती त्याच जागेत. लॉ कॉलेज रोडवरून रोज शाळेत जाणारी मुलं त्या काळच्या प्रेक्षकांबद्दल अंदाजाने लिहितात, याचं मला वाईट वाटतं. तिथेच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. जुन्या जाहिराती, गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टर तिथे जपलेली आहेत. शाळेचं पत्र घेऊन, आधी विचारून जा. सिनेमा कुणाला आणि काय म्हणून विकला जात होता, ते जाहिरातीत दिसतं. प्रेक्षकाला तो कसा वाटला हे मात्र जाहिरातीवरून ठरवू नका.

झटपट काही

दीडपट वेगाने सिनेमा बघू नका. शांततेचे क्षण त्यातच मरतात.

यूट्यूबवरचं ‘एंडिंग एक्सप्लेन्ड’ स्वतःचं वाक्य लिहून झाल्यावरच बघा. एआयकडून सारांश मागणाऱ्यांनाही हेच लागू. तो सारांश कुणाच्याही वहीत बसतो, म्हणून तो तुमचा नाही.

गल्ल्याचे आकडे म्हणजे प्रतिसाद नव्हे. त्यातून तिकिटं किती विकली गेली एवढंच कळतं.

दिग्दर्शकाने मुलाखतीत सांगितलेला हेतू म्हणजे थीम असं गृहीत धरू नका. तो हेतू पडद्यावर दिसतो का, ते तपासा.

शाळेत दाखवण्याआधी सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या सिनेमाच्या) प्रमाणपत्रात ७+, १३+ आणि १६+ असे वयाचे टप्पे आले आहेत. सहावीच्या वर्गाला १६+ चा सिनेमा लावून मग प्रतिसाद टिपण्यात अर्थ नाही.

आणि अहवालात कुणाचंही नाव घालू नका. ‘वय ६८, निवृत्त परिचारिका, सदाशिव पेठ’ एवढं पुरे. उत्तर लिहून घेण्याआधी ‘हे शाळेच्या प्रकल्पासाठी आहे, चालेल ना?’ असं विचारा, आणि नको म्हणाले तर ते पान फाडून टाका.