ग्रीन कार्डावर चूक छापून आली तर काय करावं?

ग्रीन कार्ड टपालाने घरी आलं की पहिला अर्धा तास फोटो काढण्यात आणि भारतात फोन लावण्यात जातो. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर ते साहजिकच आहे. पण त्याच दिवशी, लिफाफा टेबलावर असतानाच, कार्डाशेजारी पासपोर्ट उघडून ठेवा आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचा. आडनाव, नाव, जन्मदेश, जन्मतारीख, लिंग, प्रवर्ग, कार्डाची मुदत आणि ‘रहिवासी केव्हापासून’ ही तारीख, सगळं तपासा. मग कार्ड उलटं करा. मागे यंत्राने वाचायच्या तीन ओळी असतात. त्यांत जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशी येते, म्हणजे ७ मे १९८४ ही ८४०५०७ अशी दिसायला हवी.

नावाबाबत आपल्याकडे नेहमी गोंधळ होतो. भारतीय पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यातच असतं, त्यामुळे कार्डावरही ते तिथेच दिसलं तर घाबरू नका. नाव लांब असेल तर ते जागेअभावी छाटलंही जातं. पासपोर्टाशी जुळत नसलेलं स्पेलिंग, गायब झालेलं आडनाव किंवा दुसऱ्याच देशाचं नाव ही मात्र चूक, आणि ती दुरुस्त करून घ्यायलाच हवी.

आधी ठरवा, चूक कोणाची

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. चूक सरकारची असेल तर दुरुस्ती फुकट होते. चूक तुमच्या अर्जातली असेल तर फी भरावी लागते. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे ती ऑनलाइन अर्जाला ४१५ डॉलर आणि कागदी अर्जाला ४६५ डॉलर आहे.

आमच्या घरातलंच उदाहरण सांगते. वहिनीच्या कार्डावर ७ मेऐवजी ५ जुलै अशी जन्मतारीख आली. सगळ्यांनी एका सुरात सरकारला दोष दिला. दादा तर फुकट दुरुस्तीचा अर्ज भरायलाच बसला होता. वहिनीने शांतपणे मूळ अर्जाची फाइल काढली, आणि त्यात तिच्याच अक्षरात ०७/०५ लिहिलेलं सापडलं. अमेरिकी फॉर्मवर आधी महिना आणि मग दिवस लिहायचा असतो. आपला हात लहानपणापासून आधी दिवस लिहितो. कार्यालयाने जे दिलं तेच छापलं होतं. आम्ही फी भरली, पण चुकीच्या कारणाखाली अर्ज करून महिने वाया घालवण्यापेक्षा ते कितीतरी बरं झालं.

म्हणून सगळ्यात आधी जो अर्ज भरून कार्ड मिळालं, त्याची प्रत हातात घ्या. अमेरिकेत राहून अर्ज केला असेल तर तो आय-४८५, भारतातून इमिग्रंट व्हिसा घेऊन आला असाल तर डीएस-२६०. कंपनीच्या वकिलाने अर्ज भरला असेल तर त्याच्याकडून पूर्ण प्रत मागा, ती मागायला संकोच कसला! कुठेच मिळाली नाही तर माहिती अधिकाराच्या अमेरिकी कायद्याखाली, म्हणजे एफओआयएखाली, तुमची फाइल यूएससीआयएसच्या, म्हणजे ग्रीन कार्ड देणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयाच्या, ऑनलाइन खात्यातून मागवता येते.

अर्जात बरोबर आणि कार्डावर चूक असेल तर चूक त्यांची. अर्जातच चूक असेल तर तुमची. आणि लग्नानंतर किंवा कोर्टाच्या आदेशाने नाव बदललं असेल तर ती कोणाचीच चूक नाही. तो कायदेशीर बदल आहे, त्याचा पर्याय वेगळा आणि त्यालाही फी लागते.

फायद्याची चूकसुद्धा दुरुस्त करा

‘रहिवासी केव्हापासून’ या तारखेकडे कोणी फारसं बघत नाही, आणि सगळ्यात महागात तीच पडते. नागरिकत्वासाठीची पाच वर्षं (अमेरिकी नागरिकाशी लग्न झालेलं असून त्याच्यासोबत राहत असाल तर तीन) या तारखेपासून मोजतात, आणि ती पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. तारीख वर्षभर पुढची छापली तर तुमचं एक वर्ष गेलं. मागची छापली तर खूश होऊ नका. तिच्या भरवशावर लवकर केलेला अर्ज नाकारला जातो. खरी तारीख आय-४८५ मंजुरीच्या पत्रावर किंवा इमिग्रंट व्हिसावर मारलेल्या प्रवेशाच्या शिक्क्यावर असते.

लग्नाच्या आधारे आलेल्यांनी मुदतही नीट बघावी. रहिवास मिळाला त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, झालेली असतील तर दहा वर्षांचं. मुंबईत मुलाखत झाली तेव्हा लग्नाला दीड वर्ष झालेलं असतं, विमानात बसेपर्यंत दोन पूर्ण होतात, तरी व्हिसा सशर्तच असतो. अशा वेळी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून प्रवर्ग बदलून घ्यायला सांगा. तिथे राहून गेलं तर कार्ड आल्यावर दुरुस्ती मागा. उलट, सशर्त असायला हवं होतं आणि चुकून दहा वर्षांचं आलं, तर गप्प बसणं धोक्याचं आहे. कार्डावर काहीही छापलेलं असो, कायद्याच्या नजरेत तुम्ही सशर्तच असता. दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे रहिवासावरची अट काढून टाकायचा अर्ज, भरला नाही तर रहिवासच संपुष्टात येऊ शकतो.

कार्ड छापण्याआधीच चूक पकडता आली तर

तर अर्धं काम वाचतं. अर्ज पोचल्याचं पत्र येतं त्यातलं स्पेलिंग आणि तारीख लगेच तपासा. तिथे चूक दिसली तर यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर ई-रिक्वेस्टमध्ये टंकनदोष कळवायची सोय आहे. बोटांचे ठसे द्यायला जाता तेव्हा समोरचा कर्मचारी तुमची माहिती दाखवून घेतो, ती मान डोलावून सोडून देऊ नका. भारतातून येणाऱ्यांनी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीकडून पासपोर्ट परत आला की व्हिसावरचा मजकूर तिथल्या तिथे वाचावा आणि प्रवासाआधीच बदलून घ्यावा.

अर्ज असा करा

फॉर्मचं नाव आय-९०. त्यात अर्जाचं कारण निवडायचं असतं. चूक सरकारची असेल तर गृहसुरक्षा खात्याच्या (यूएससीआयएस याच खात्याचा भाग) चुकीमुळे कार्डावर चुकीची माहिती आली आहे, अशा अर्थाचा पर्याय निवडा. कायम आणि सशर्त रहिवाशांसाठी हे पर्याय फॉर्मच्या वेगवेगळ्या भागांत आहेत, आपला भाग बघून खूण करा.

सोबत चूक सिद्ध करणारे कागद लागतात: पासपोर्टाचं पान, जन्मदाखला, तुमच्या मूळ अर्जाचं बरोबर माहिती असलेलं पान, मंजुरीचं पत्र. जुना जन्मदाखला नुसता मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं लिहून सही करायची. जन्मनोंदच नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला, ही आपल्या लोकांची नेहमीची जोडी इथेही कामी येते.

वर एक छोटं पत्र ठेवा. कहाणी नको, तीन ओळी पुरेत: कार्डावर काय छापलंय, खरं काय आहे, पुरावा कोणत्या पानावर आहे. पुराव्याच्या पानावर त्या ओळीभोवती पेनने चौकट करा. प्रत्येक पानावर तुमचा ए-नंबर, म्हणजे कार्डावर ‘यूएससीआयएस#’ म्हणून छापलेला नऊ आकडी क्रमांक, लिहा.

चुकीचं मूळ कार्ड त्यांना परत द्यावं लागतं. त्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढा. कागदी अर्जाचा पत्ता त्या दिवशी संकेतस्थळावरून बघूनच लिहा. टपालाचा आणि कुरिअरचा पत्ता वेगळा असतो. माग काढता येईल अशाच सेवेने पाठवा.

हातात कार्ड नसतानाचे दिवस

इथे लोक सगळ्यात जास्त अस्वस्थ होतात. कार्ड पाठवलं म्हणून तुमचा रहिवासाचा हक्क जात नाही. पण अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने रहिवासाचा पुरावा जवळ बाळगायचा, असा कायदा आहे. म्हणून पोचपावती आली की यूएससीआयएसच्या ८००-३७५-५२८३ या क्रमांकावर फोन करून तात्पुरत्या पुराव्याचा शिक्का मागा. त्याला अडिट शिक्का म्हणतात. पूर्वी त्यासाठी कार्यालयात जाऊन पासपोर्टावर तो मारून घ्यावा लागे. मार्च २०२३ पासून बऱ्याच जणांना फोटो लावलेल्या आय-९४ फॉर्मवर तो टपालाने मिळतो. तो शिक्का किंवा नवं कार्ड हातात येईपर्यंत भारताचं तिकीट काढू नका. घरी कोणी आजारी असेल तर हे फोनवर स्पष्ट सांगा, तातडीचं कारण असेल तर भेटीची वेळ लवकर मिळू शकते.

दरम्यान घर बदललं तर दहा दिवसांच्या आत पत्ता कळवा, नाहीतर नवं कार्ड जुन्या दारात जाऊन पडेल. प्रकरण फारच रेंगाळलं तर तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाकडे जा. तुम्ही मतदार नसलात तरी ते मदत करतात. संमतीच्या कागदावर सही घेऊन तेच यूएससीआयएसकडे विचारणा करतात.

नवं कार्ड आलं की पुन्हा पासपोर्ट उघडा, पुन्हा बोट ठेवून वाचा. मग सोशल सिक्युरिटीच्या आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात जाऊन जुन्या कार्डावरून तिथे चुकीची नोंद झाली आहे का ते बघा. जुन्या कार्डाची रंगीत प्रत आणि पोचपावती नागरिकत्वाच्या फाइलमध्ये लावून ठेवा. दोन वेगळ्या तारखा का दिसतात, असं मुलाखतीत विचारलं तर हेच दोन कागद पुढे करायचे.