दोन कुलांतले भुंगेरे ताडून पाहताना या चुका टाळा

टेनेब्रिओ मॉलिटर, म्हणजे मीलवर्म या पिठातल्या अळीचा भुंगेरा, आणि जमिनीवर पळणारा टेरोस्टिकस मेलॅनेरियस. दोघेही काळे, साधारण १२ ते १८ मिलिमीटर लांब आणि पंखकवचांवर उभ्या रेघा असलेले. कुलं मात्र वेगळी: पहिला टेनेब्रिओनिडी, दुसरा कॅराबिडी. नवखे लोक वरून एक फोटो काढतात आणि लगेच निकाल लावतात. भुंगेरा उलटा करायला एवढा कंटाळा का, हे मला कळत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पावलाचे, म्हणजे पायाच्या टोकाकडच्या सांधेदार भागाचे, खंड मोजताना. कॅराबिडीत सहाही पावलांना पाच-पाच खंड. टेनेब्रिओनिडीत मागच्या दोन पावलांना चारच. एका होतकरू मुलाने तुलनेचा मोठा तक्ता करून आणला होता. त्यात दोन्ही नमुने टेनेब्रिओनिडी, कारण दोघांच्याही मागच्या पावलाला त्याने चार खंड मोजले होते. भिंगाखाली पाहिलं तर एकाच्या त्या चौथ्या खंडाला नख्याच नव्हत्या. शेवटचा खंड कधीच तुटून पडला होता. पलीकडच्या पायाला पाचही खंड, टोकाला दोन नख्या, सगळं शाबूत. एकच पाय मोजल्यामुळे अख्खा तक्ता बाद झाला. मी सहाही पावलं मोजतो, आणि नख्या दिसल्या नाहीत तर ते पाऊल हिशेबात धरत नाही. वाळलेल्या नमुन्याचे पाय ओढून सरळ करू नका. ओल्या टिश्यूसोबत बंद डबीत रात्रभर ठेवा. तेवढा धीर नसेल तर सरळ मोजूच नका.

पोटाकडची बाजू न पाहणं ही दुसरी चूक. कॅराबिडीत मागच्या पायांची बुडं पोटाच्या पहिल्या पट्टीला मधोमध छेदून दोन तुकडे करतात. टेनेब्रिओनिडीत ती पट्टी अखंड राहते. पावलं तुटली तरी ही खूण शिल्लक असते, म्हणून माझा पहिला भरवसा हिच्यावर.

रंगावर जाऊ नका. कोषातून नुकताच निघालेला टेनेब्रिओ फिकट असतो, मग तांबूस होतो, काळा सगळ्यात शेवटी.

स्पर्शिकांची लांबी मोजता, पण त्या उगवतात कुठून हेही पाहा: टेनेब्रिओत ते बूड डोक्याच्या कडेखाली झाकलेलं असतं, टेरोस्टिकसमध्ये उघडं.

आणि एकाचा नर, दुसऱ्याची मादी असं घेऊ नका. टेरोस्टिकसच्या नराची पुढची पावलं रुंद असतात, आणि तो फरक चुकून कुलाचा म्हणून नोंदवला जातो.