दिवाळी पहाटला मदतीला येताय ना, मग हे वाचून या

यंदा मैदानावरच्या दिवाळी पहाटसाठी ज्यांनी ज्यांनी हात वर केलेत त्यांच्यासाठी लिहितोय. आधी वेळेचं बघू, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही आणि सणासुदीला जी सूट मिळते ती रात्री १२ पर्यंतचीच, पहाटेला नाही, म्हणजे पहिला सूर सहाला, आणि पाच वाजता ‘हॅलो हॅलो चेक’ अजिबात नाही. साउंडवाल्याला आदल्या संध्याकाळीच बोलवा, नऊपर्यंत सगळं चेक करून घ्या, आणि एकदा लेव्हल लागली की मिक्सरला कोणी हात लावायचा नाही, हौशी भाच्यांनी तर नाहीच नाही. पोलिसांची परवानगी, मैदानाचं पत्र, महावितरणच्या तात्पुरत्या कनेक्शनची पावती, सगळ्याच्या झेरॉक्स स्टेजमागे एका फायलीत.

आता दव. पुण्यात दिवाळीच्या सुमारास पहाटे गवत हाताला चिंब लागतं, आणि हौसेनं रात्रीच सतरंज्या अंथरून घरी गेलं की पहाटे आजी-आजोबांना ओल्यात बसावं लागतं. म्हणून खाली ताडपत्री, सतरंज्या गुंडाळून स्टेजखाली, अंथरायच्या पाच वाजता. गाद्या-लोडांवर प्लास्टिक, मिक्सर आणि माइकवर पण, तेही नीट दोरीनं बांधून, नुसतं टाकलेलं उडतं. तबला, पेटी अगदी शेवटी स्टेजवर आणायची कारण ओलाव्यात तबला उतरतो आणि मग कलाकार हातोडी घेऊन बसतात नि आपण घड्याळाकडे बघत. वायरींचे जोड जमिनीवर नकोत, खांबाला उंच बांधा, अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनला तोंडावर विचारा, ‘असेल की’ म्हणाला तर नाही असं समजा.

खरेदी दोन दिवस आधीच उरका. सुतळी, ताडपत्री, कागदी कप बोहरी आळीत, पणत्या कुंभारवाड्यातून, झेंडू मार्केट यार्डातून आदल्या दुपारी. थर्माकोलच्या प्लेटा आणू नका, २०१८ पासून बंदी आहे. पणत्या आणल्या की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, कोऱ्या पणत्या तेल पितात. लावायच्या स्टेजच्या पडद्यापासून लांब, आणि चालायच्या वाटेवर तर नाहीच, पदर-ओढण्यांची गर्दी असते. दोन बादल्या वाळू भरून जवळ. रांगोळी गवतावर बसत नाही, गेटजवळच्या फरशीवर काढा, तीही पहाटे चारनंतर, नाहीतर कोणाची तरी ॲक्टिव्हा त्यावरून जाणारच.

स्वतःसाठी काय आणायचं तर टॉर्च, कटर, चिकटपट्टी, टेस्टर, पॉवर बँक, स्वेटर, आणि मळले तरी चालतील असे कपडे. झब्बा पिशवीत ठेवा, सहाला घाला. कार्यक्रम नरकचतुर्दशीचा आहे तर घरी आईला आधीच सांगून ठेवा, अभ्यंगस्नान तीनला उरकावं लागेल, ऐनवेळी उटणं शोधत बसलात तर इकडे खुर्च्या कोण लावणार. कारीट परत येऊन फोडा, चालतंय.

आल्यावर आपापलं काम धरून ठेवा. पार्किंगला किमान चार जण, तेही आवाज असलेले, कारण गाडी ‘दोनच मिनिटं’ लावणारे सगळे काका तिथेच भेटतात. ॲम्ब्युलन्स आत येईल एवढी वाट मोकळी, १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये. खुर्च्या कडेला, ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी, त्यावर कॉलेजची पोरं बसली तर प्रेमानं उठवा. चहाचं टेबल स्टेजपासून लांब ठेवा, आलापात कपांचा खडखडाट नको.

संपल्यावर फराळाच्या नादात पळू नका. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंना दिवाळीच्या सकाळी आपले चिकट कप निवडत बसायला लावायचं नाही. खुर्च्या मोजून परत द्या. आणि सतरंज्या घडी घालायच्या आधी तासभर उन्हात टाका, ओल्या गुंडाळल्या की वास धरतात नि मंडपवाला डिपॉझिटमधून कापतो.