व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर ट्रान्स्फॉर्मर तापतो तेव्हा

गिटारचा व्हॉल्व्ह (काचेच्या इलेक्ट्रॉन-नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर अर्धा तास वाजवल्यावर त्याच्या पॉवर ट्रान्स्फॉर्मरला हात लाववत नसेल, तर बेळगाव-खानापूर भागात पहिला सल्ला 'ट्रान्स्फॉर्मर गेला, रिवाइंडिंग करून घ्या' असाच मिळतो. पंपाच्या मोटारींचे वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेढे गुंडाळण्याचे काम, करणारी दुकाने या भागात भरपूर असल्यामुळे तो स्वाभाविक असला, तरी माझ्या अनुभवात तो बहुधा चुकतो. ट्रान्स्फॉर्मर स्वतःच्या दोषाने तापतो त्यापेक्षा अधिक वेळा तो दुसऱ्या कोणाचा तरी भार वाहून तापलेला असतो. तेव्हा तो भार कोणाचा, हे आधी शोधावे.

तापमानाचा निर्णय हातावर सोपवू नये. ६० अंशांवरच्या लोखंडावर हात टेकत नाही, आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तेवढी उष्णता नेहमीची असू शकते. खरे तापमान तांब्याच्या तारेलाच विचारावे. अ‍ॅम्प्लिफायर रात्रभर बंद ठेवून, प्लग काढून, सकाळी प्रायमरी वाइंडिंगचा (लाइनची वीज घेणाऱ्या वेढ्यांचा) रोध मोजावा. नंतर तासभर वाजवून, पुन्हा प्लग काढून लगेच मोजावा. गरम रोधाला थंड रोधाने भागून, आलेल्या संख्येला खोलीचे तापमान अधिक २३४.५ यांनी गुणावे आणि गुणाकारातून २३४.५ वजा करावेत. खोली २८ अंश असताना थंड रोध १० ओहम आणि गरम रोध १२ ओहम आला, तर वाइंडिंग सुमारे ८० अंशांवर आहे. जुन्या ट्रान्स्फॉर्मरच्या साध्या, 'अ' वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंश असल्याने ८० अंशांना घाबरण्याचे कारण नाही. आकडा शंभरीकडे गेला, तर मात्र पुढचा तपास करावाच लागेल.

त्याआधी सुरक्षिततेचे बोलले पाहिजे. फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीज साठवून डीसी सपाट करणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही ४००-५०० व्होल्ट राहू शकतात. ते सुमारे १० किलोओहमच्या, किमान ५ वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवावेत आणि शून्य झाल्याची खात्री मीटरने करावी. अर्थिंगची पिन कधीही काढू नये. आपल्या जांभ्याच्या जमिनीतला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते हेही विसरू नये.

पहिला प्रश्न अ‍ॅम्प्लिफायर कुठल्या देशासाठी बनला होता, हा आहे. नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. बाजारातला स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्स्फॉर्मर) घेतला की व्होल्टेजचा प्रश्न सुटतो. पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते, आणि गाभ्यातील चुंबकीय प्रवाह व्होल्टेज भागिले वारंवारता या प्रमाणात ठरतो. ६० हर्ट्झला १२० व्होल्ट दिले की ते गुणोत्तर २ असते, ५० हर्ट्झला २.४ होते, म्हणजे गाभ्यावर २० टक्के जास्त ताण येतो. त्यातच रात्री उशिरा लाइन २५० व्होल्टवर चढली आणि स्टेप-डाउन निम्मे व्होल्टेज देणारा असला, तर अ‍ॅम्प्लिफायरला १२५ व्होल्ट मिळतात आणि ताण २५ टक्क्यांवर जातो. काटकसरीने बांधलेला गाभा अशा वेळी संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही, प्रायमरीतला प्रवाह झपाट्याने वाढतो आणि एकही सूर न वाजवता ट्रान्स्फॉर्मर तापू लागतो. पाटीवर '५०/६०' छापलेले असेल तर ही शंका सोडून द्यावी.

गाभ्याचा ताण मूळपदावर आणायला १०० व्होल्ट द्यावे लागतील. पण मग व्हॉल्व्हना आतून तापवणारे ६.३ व्होल्टचे हीटर ५.२५ वर येतील आणि व्हॉल्व्हचे हाल होतील. म्हणून ११० व्होल्टचा मध्यममार्ग मला पटतो: हीटरला सुमारे ५.८ व्होल्ट मिळतात, जे दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसतात, आणि गाभ्याचा जादा ताण निम्म्यावर येतो. गणेशोत्सवातल्या मांडवात जनरेटरवर वाजवणाऱ्यांनीही हेच गणित लक्षात ठेवावे. भार वाढून जनरेटर ४६-४७ हर्ट्झवर मंदावला आणि व्होल्टेज मात्र पूर्ण राहिले, तर इथल्या २३० व्होल्टसाठी बनलेला ट्रान्स्फॉर्मरही तापतो.

लाइन निर्दोष ठरली की सिरीज दिवा, म्हणजे विजेच्या वाटेतच जोडलेला बल्ब, घ्यावा. त्यात ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब हवा. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी आहे. स्टेप-डाउन वापरत असल्यास दिवा त्याच्या आधी, २३० व्होल्टच्या बाजूला लावावा. सर्व व्हॉल्व्ह काढून, सेकंडरीची (वीज पुढे देणाऱ्या वेढ्यांची) सर्व टोके सोडवून आणि नीट टेप करून वीज दिल्यावर दिवा क्षणभर चमकून जवळजवळ विझला, तर ट्रान्स्फॉर्मर बहुधा शाबूत आहे. दिवा पेटताच राहिला, तर आत वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले आहेत आणि पुढे शोधण्यासारखे काही उरत नाही. संशय असल्यास असाच मोकळा ट्रान्स्फॉर्मर दिव्याशिवाय, योग्य फ्यूज लावून, समोर बसून दोन तास चालवावा. तो कोमट होण्यापलीकडे जाऊ नये.

आता भार एकेक करून जोडावा. हीटरपासून सुरुवात करावी, कारण तिथला दोष डोळ्यांसमोर असूनही निसटतो: पॅनेलवरच्या लाल दिव्याच्या होल्डरची पट्टी वाकून चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) टेकली, तरी सगळे वाइंडिंग वेठीला धरले जाते. व्हॉल्व्ह कोणी बदलले आहेत का, हेही पाहावे. ६एल६ या पॉवर व्हॉल्व्हचा हीटर ०.९ अ‍ॅम्पिअर घेतो, ईएल३४ चा १.५, चार नळ्या बदलल्या तर २.४ अ‍ॅम्पिअरचा जादा बोजा पडतो आणि आवाजात मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यानंतर रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारे डायोड. एखादा डायोड शॉर्ट झाला असेल तर फ्यूज उडायला हवा. तो उडत नसेल तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातलेली नाही ना, ते पाहावे. डायोड ओपन झाला असेल तर अ‍ॅम्प्लिफायर चालतो, पण गुणगुण १०० हर्ट्झऐवजी ५० हर्ट्झची, खर्जातली होते आणि गाभा एकतर्फी चुंबकित होऊन तापतो. पॉवर व्हॉल्व्ह नसताना इथले व्होल्टेज नेहमीपेक्षा चढते, म्हणून ही तपासणी दिव्यावरच आणि थोडक्यात उरकावी.

शेवटी स्पीकरला ताकद देणारे पॉवर व्हॉल्व्ह. अंधारात पाहता एखाद्याची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लालसर दिसली, तर गुन्हेगार सापडला. व्हॉल्व्ह काढून ग्रिडच्या पिनवर ऋण बायस (व्हॉल्व्हचा प्रवाह आवरणारे व्होल्टेज) आहे का ते मोजावे. सगळ्या सॉकेटवर तो नाहीसा असेल तर बायसचा डायोड किंवा कपॅसिटर संपला आहे. एकाच सॉकेटवर शून्याकडे किंवा धनाकडे सरकत असेल तर तिथला, आधीच्या टप्प्यातून सूर आणणारा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे. बायस ठीक असला तरी प्रवाहाचा हिशेब करावा. ईएल३४ ची प्लेट २५ वॅटची. शांत असताना तिचे ७० टक्के, म्हणजे १७.५ वॅट पुरे, आणि ४५० व्होल्टला ते सुमारे ३९ मिलिअ‍ॅम्पिअर होतात. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर जोडला की जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअ‍ॅम्पिअर मिळतात. त्यात स्क्रीनचाही (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचाही) थोडा प्रवाह असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

पावसाळ्याची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात चार महिने पडून राहिलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या वाइंडिंगमधला कागद ओल धरतो. तो थेट सुरू न करता आधी काही दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवावा आणि सोडवलेल्या वाइंडिंगचा चॅसीशी असलेला रोध ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) पाहावा.

रिवाइंडिंग खरोखर करावेच लागले, तर मोटारीच्या सवयीचा कारागीर काम घाईत उरकणार नाही असे पाहावे. जुने वेढे सोडताना मोजून लिहून ठेवावेत, प्रत्येक थरामध्ये इन्सुलेशनचा कागद घालावा, गाभ्याच्या पट्ट्या आलटूनपालटून बसवाव्यात आणि काम झाल्यावर वॉर्निश पूर्ण सुकू द्यावे. अमेरिकन ट्रान्स्फॉर्मर असेल तर बॉबिनवर (वेढे गुंडाळण्याच्या साच्यावर) जागा आहे का ते पाहून प्रायमरी २४० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठीच गुंडाळून घ्यावी. नव्या हिशेबाने सेकंडरीचे वेढेही वाढवावे लागतात, हे कारागिराला काम देतानाच सांगावे.