पहिल्या नोंदीपूर्वी: मधुमेह संशोधनातील माहिती सांभाळण्याची तयारी

मधुमेहावरील अभ्यासाची माहिती नीट ठेवण्याचे काम पहिला सहभागी तपासणीला येण्याच्या आधीच सुरू करावे, कारण रक्त काढताना जी गोष्ट टिपली गेली नाही, ती विश्लेषणाच्या वेळी कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. म्हणून सर्वांत आधी अभ्यासाची डेटा डिक्शनरी लिहून काढावी आणि तीत प्रत्येक रकान्याचे नाव, त्याचा नेमका अर्थ, एकक, मोजण्याची पद्धत, संभवनीय किमान-कमाल मर्यादा आणि मोजमाप झाले नसल्यास काय लिहायचे, हे सारे नोंदवावे.

एककांना मात्र जास्त वेळ द्यावा, असा माझा आग्रह आहे. समजा, एका ओळीत नुसता ७ हा आकडा आहे. तो उपाशीपोटी ग्लुकोजचा, मिलिमोल प्रति लिटरमधला असेल तर त्याचा अर्थ १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे मधुमेहाच्या निदानाचा उंबरठाच. तोच एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीचा, टक्क्यांतला आकडा असेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात तो ५३ मिलिमोल प्रति मोल असा आलेला असेल. त्यामुळे प्रयोगशाळेने दिलेला मूळ आकडा आणि त्याचे एकक यांचे दोन रकाने जसेच्या तसे राखावेत, रूपांतरित आकड्यासाठी तिसरा रकाना करावा आणि ग्लुकोजसाठीचा १८ चा गुणाकार किंवा भागाकार हाताने न करता जपून ठेवलेल्या प्रोग्रॅममधूनच करावा.

रक्ताच्या नमुन्यासोबत वेळाही हव्यात. नळीतल्या रक्तपेशी ग्लुकोज वापरत राहतात, त्यामुळे साध्या तापमानाला ठेवलेल्या नमुन्यात दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घट होते; म्हणून शेवटचे खाणे, रक्त काढणे आणि प्लाझ्मा (रक्ताचा पेशींविरहित द्रव भाग) वेगळा करणे या तिन्ही वेळा लिहाव्यात. एचबीए१सीच्या शेजारी चाचणीची पद्धत, रक्तक्षय, नुकतेच चढवलेले रक्त आणि हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार यांची नोंद असावी, कारण त्यांमुळे हा आकडा फसवा ठरू शकतो.

न मिळालेल्या माहितीसाठी शून्य कधीही वापरू नये. मशीन लर्निंग शिकवताना हमखास घेतल्या जाणाऱ्या, अमेरिकेतील पिमा या मूलनिवासी समाजातील ७६८ स्त्रियांच्या नोंदींत इन्सुलिनच्या रकान्यात ३७४ ठिकाणी आणि रक्तदाबाच्या रकान्यात ३५ ठिकाणी शून्य आहे. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य असत नाही, तरीही हे आकडे अनेकांनी खरे मोजमाप समजून गणितात घेतले. ‘तपासले नाही’, ‘सहभागीने नकार दिला’, ‘नमुना खराब झाला’ आणि ‘यंत्राच्या मर्यादेखाली’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना चार वेगळे संकेत द्यावेत.

सतत ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरच्या बाबतीत ही काळजी आणखी महत्त्वाची ठरते. दर पाच मिनिटांनी नोंद घेणारा सेन्सर दिवसाला २८८ आणि १४ दिवसांत ४,०३२ आकडे देतो, आणि २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार १४ दिवसांपैकी किमान ७० टक्के काळाच्या नोंदी असाव्यात. काही सेन्सर ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आकड्याऐवजी ‘लो’ असा शब्द देतात. फाइल उघडताना प्रोग्रॅमने तो शब्द गाळला तर सहभागीच्या जिवाला सर्वाधिक धोका असलेले क्षणच अभ्यासातून नाहीसे होतात. हे होऊ न देणे ही सहभागीप्रती आपली जबाबदारी आहे. सेन्सर, इन्सुलिन पंप आणि जेवणाची नोंदवही यांची घड्याळे सुरुवातीला आणि शेवटी जुळवून त्यांतला फरक लिहून ठेवावा.

मधुमेहाचा प्रकार लिहिताना ई१० (टाइप १) किंवा ई११ (टाइप २) एवढ्या आजार-वर्गीकरणाच्या संकेतावर न थांबता तो कशावरून ठरवला, प्रतिपिंडे (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींविरुद्धची) व सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे दाखवणारा घटक) तपासले होते का, हेही लिहावे.

संमतिपत्राचा मसुदा दूरचा विचार करून करावा. डीसीसीटी हा टाइप १ मधुमेहावरील अभ्यास १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ सहभागींवर झाला आणि त्यांचाच पाठपुरावा १९९४ पासून एडिक या नावाने सुरू राहिला. इतकी वर्षे माहिती वापरायची तर पुढील संशोधनासाठी आणि इतर संशोधकांना ती देण्यासाठी स्पष्ट परवानगी हवी, आणि फाइल एखाद्याच सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेल्या सीएसव्हीसारख्या स्वरूपात हवी. सहभागींची नावे आणि त्यांचे संकेतांक जोडणारी यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावी. माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, आणि प्रत खरोखर उघडते का हे तपासून पाहावे.

हे सारे झाल्यावर दहा काल्पनिक नोंदी भरून त्या अभ्यासाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला डेटा डिक्शनरीसह द्याव्यात. त्याला जो प्रश्न विचारावा लागेल त्याचे उत्तर तोंडी न देता डिक्शनरीत लिहावे, आणि मगच पहिल्या सहभागीला तपासणीची तारीख द्यावी.