एबीए क्लिनिकचं क्रेडेन्शियलिंग, खराडीच्या नाइट शिफ्टवाल्यांसाठी
क्रेडेन्शियलिंग म्हणजे थेरपिस्टला आणि क्लिनिकला इन्शुरन्स कंपनीच्या नेटवर्कमध्ये घेण्याआधीची कागदपत्रांची तपासणी. अमेरिकेतल्या एबीए, म्हणजे ऑटिझमसाठीच्या वर्तन-थेरपीच्या, क्लिनिकची फाइल आली की आधी एनपीआय (तिकडच्या आरोग्यसेवा देणाऱ्यांचा ओळख नंबर) बघा, थेरपिस्टचा टाइप १ आणि क्लिनिकचा टाइप २, दोन्ही लागतात. मग सीएक्यूएच प्रोफाइल (इन्शुरन्स कंपन्या थेरपिस्टची माहिती जिथे बघतात तो ऑनलाइन डेटाबेस), लायसन्स, मालप्रॅक्टिस इन्शुरन्सचं (उपचारातल्या चुकीसाठीच्या विम्याचं) सर्टिफिकेट, डब्ल्यू-९ हा टॅक्स नंबरचा फॉर्म. पत्ता सगळीकडे अक्षरशः सेम हवा, मी एकदा एका फॉर्मवर ‘सुइट २०४’ टाकलं न् दुसऱ्यावर विसरलो, फाइल परत, दीड महिना गेला, टीएलच्या (टीम लीडच्या) शिव्या वेगळ्या. सीएक्यूएचवरचं अटेस्टेशन, म्हणजे माहिती बरोबर असल्याची खात्री देणं, साधारण दर १२० दिवसांनी करावं लागतं, मोबाइलमध्ये रिमाइंडर लावूनच टाका. आणि अप्रूव्हल आलं म्हणजे झालं असं नाही हां, कॉन्ट्रॅक्टची इफेक्टिव्ह डेट (लागू होण्याची तारीख) लेखी हातात आल्याशिवाय त्या इन्शुरन्सचे पेशंट घेऊ नका म्हणून क्लायंटला सांगा, आधीच्या तारखेचे क्लेम बहुतेक डिनायच होतात.