नवीन वेबसाईट करून घेताय? या चुका टाळा

वेबसाईट रखडली की मालक म्हणतात डेव्हलपर टाइमपास करतोय आणि डेव्हलपर म्हणतो क्लायंट कंटेंटच देत नाही, आणि दोघांचंही थोडंथोडं खरं असतं. पण मी रोज हेच काम करतो त्यावरून सांगतो, कोडिंगमुळे साईट अडकलीय असं फार कमी वेळा होतं. अडकते ती सुरुवातीला न बोललेल्या गोष्टींमुळे. डोमेन, म्हणजे साईटचं इंटरनेटवरचं नाव, कोणाच्या नावावर, मजकूर कोण देणार, डिझाईनला फायनल हो कोण म्हणणार, आणि सगळे पैसे दिल्यावर हातात नक्की काय येणार. मिठाईचं दुकान असो, क्लिनिक असो, क्लासेस असोत की एमआयडीसीतलं छोटं युनिट, चुका त्याच त्याच होतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. वेब कंपनी चालवणाऱ्यांनीही वाचा, कारण यातल्या निम्म्या चुका आपल्या बाजूच्या आहेत.

डोमेन दुसऱ्याच्या नावावर

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी. डोमेन वेबवाल्याच्या अकाउंटमधून, त्याच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घेतलेलं असतं आणि मालकाला ते वर्षानुवर्षं माहीतच नसतं. डोमेनच्या नोंदीत रजिस्ट्रंट, म्हणजे नोंदणीधारक, म्हणून ज्याचं नाव त्याचं डोमेन, बिल तुम्ही भरलंत तरी. मग होतं काय की वेबवाला धंदा बंद करतो किंवा नोकरी धरून बेंगळुरूला जातो, रिन्युअलची मेल त्याच्या जुन्या जीमेलवर येत राहतात, आणि एक दिवस साईट बंद, सोबत कंपनीचे ईमेलही बंद. डॉट कॉम एक्स्पायर झालं तर बहुतेक रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपन्या, थोडे दिवस नेहमीच्या फीमध्ये रिन्यू करू देतात, त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ असतो ज्यात नाव परत मिळतं पण मोठा दंड भरून, मग शेवटचे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर ते नाव खुलं होतं, जगातला कोणीही घेऊ शकतो.

म्हणून रजिस्ट्रारकडे खातं तुम्ही स्वतः उघडा, कार्ड तुमचं, मोबाईल नंबर तुमचा, ऑटो रिन्युअल चालू, आणि वेब कंपनीला त्यात फक्त ऍक्सेस द्या. एक बारीक गोष्ट लोक विसरतात, या खात्याला ईमेल देताना त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका, कारण डोमेन बंद पडलं तर ते सोडवायचा मेलही त्याच बंद पडलेल्या खात्यात जाणार. आणि जे आधीच अडकलेत त्यांनी भांडायच्या आधी शांतपणे लेखी मागणी करावी की डोमेनचा लॉक काढा आणि ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, द्या, तो कोड मिळाला की दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर होतं. डॉट कॉम नुकतंच घेतलेलं असेल तर पहिले ६० दिवस ते दुसरीकडे हलत नाही, तेवढं थांबावं लागतं. डॉट इन असेल तर त्याची रजिस्ट्री, म्हणजे मुख्य नोंदवही, निक्सी ही संस्था चालवते आणि वादासाठी लवादाची प्रक्रिया आहे, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातं, म्हणून बिलं आणि पेमेंटच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

डोमेनसारखंच कोडचं. पैसे दिले म्हणजे साईट आपोआप आपली, असं जवळपास सगळेच धरून चालतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलेल्या कामाचा हक्क, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, साधारणपणे करणाऱ्याकडेच राहतो, तो तुमच्याकडे यायला सहीचा कागद लागतो, आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा कोटेशनमध्येच एक ओळ टाकून घ्या की पूर्ण पैसे मिळाल्यावर डिझाईन, मजकूर आणि या साईटसाठी लिहिलेल्या कोडचे हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी क्लायंटकडे येतील, आणि त्यावर दोघांच्या सह्या करा. वर्डप्रेससारखं ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर, यात येत नाही हे कळतंच, पण विकत घेतलेली थीम (तयार डिझाईन) आणि प्लगिन (वरून जोडलेल्या सोयी) यांचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते विचारा, दुसऱ्या वर्षी रिन्यू करायची वेळ येते तेव्हा हा प्रश्न उभा राहतो.

"डिझाईन तर दाखवा, मजकूर नंतर देतो"

हे वाक्य ऐकलं की समजायचं, दिवाळीला लाईव्ह करायची साईट आता होळीला होणार. रिकाम्या डिझाईनमध्ये लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा खोटा मजकूर, भरून दाखवलं की सगळं छान दिसतं, आणि मग खरा मजकूर येतो तो तिप्पट लांब किंवा दोनच ओळी, आणि सगळी पानं परत मांडावी लागतात. आधी पानांची यादी, मग प्रत्येक पानाचा मजकूर, निदान कच्चा, आणि मग डिझाईन, हा क्रम कंपनीनेच क्लायंटला समजावून सांगायला हवा आणि त्यासाठी प्रश्नांचा एक साधा फॉर्म द्यायला हवा. मालकाला "आमच्याविषयी" लिहून द्या म्हटलं तर तो महिनाभर लिहिणार नाही, पण धंदा कधी सुरू केला, गिऱ्हाईक फोनवर सगळ्यात जास्त काय विचारतं, माल कुठवर पाठवता, असं विचारलंत तर अर्ध्या तासात भडाभडा सांगतो आणि तोच उत्तम मजकूर असतो.

मराठी साईट असेल तर यात अजून एक मोठा घोळ आहे आणि त्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्या लोकांच्या साईट वाचताना खरंच वाईट वाटतं. बहुतेक धंद्यांकडे मराठी मजकूर असतो तो जुन्या ब्रोशरचा, डीटीपीवाल्याने कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. तो कॉपी करून साईटवर पेस्ट केला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीचे, नाहीत. मग घाईत असलेली कंपनी काय करते, ब्रोशरचं पानच फोटो म्हणून चिकटवते. हे करू नका आणि करू देऊ नका, फोटोतला मजकूर मोबाईलवर वाचता येत नाही, कॉपी होत नाही, सर्चमध्ये नीट सापडत नाही, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तिथे वाचायला काही मिळत नाही. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि आणल्यावर एका मराठी नीट येणाऱ्या माणसाकडून ओळीओळीने तपासून घ्या. चुका ठरावीक जागी सापडतात, रफार भलत्या अक्षरावर जातो, वेलांटी जोडाक्षरात अडकते, "वऱ्हाडी" चं "वर्हाडी" आणि "दऱ्या" चं "दर्या" होतं. डॉक्टरांची नावं, पत्ते आणि फोन नंबर दोनदा बघा.

डिझाईन करणाऱ्याने इंग्रजी टेम्प्लेट तसंच वापरलं तर मराठी त्यात बसत नाही. आपल्याला वर मात्रा-रफार आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर चढतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सेटिंग मराठीला लावूच नका, शिरोरेषा तुटते. आणि कोडमध्ये पानाची भाषा मराठी आहे असं सांगा, खूप साईटवर तिथे इंग्रजी नाहीतर हिंदी तसंच राहिलेलं असतं. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्या एका सेटिंगने ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता हा फॉन्ट फुकट मिळतो आणि वाचायला स्वच्छ आहे, नोटो सॅन्स देवनागरीही चालेल.

फोटोंचं पटकन सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राईव्हवर टाका. गूगलवरून उचललेले फोटो नकोत, ते कोणाच्यातरी मालकीचे असतात. आणि कंपनीने कॅमेऱ्यातला ८ एमबीचा फोटो तसाच होमपेजवर टाकायचा नाही, गावाकडच्या नेटवर साध्या फोनवर साईट उघडून बघा म्हणजे कळेल.

हो कोण म्हणणार

वडील, दोन मुलगे, सून आणि पुण्यात आयटीत असलेला भाचा, सगळ्यांना डेमो लिंक जाते आणि सगळ्यांचे व्हॉइस मेसेज येतात, आणि ते एकमेकांच्या विरोधात असतात. घरात हवी तेवढी चर्चा करा, पण कंपनीला बदल सांगणारा माणूस एकच ठेवा आणि त्याने ते एका फाईलमध्ये पानाप्रमाणे लिहून द्यावेत. "जरा उठावदार करा" यातून डिझायनरला काही कळत नाही, "गिऱ्हाईकाला शाखांचे पत्ते सापडत नाहीत" म्हटलंत की लगेच कळतं. बदलांच्या किती फेऱ्या पैशात धरल्यात ते कोटेशनमध्ये असू द्या, साधारण दोन ठीक आहेत.

आणि मध्येच "ऑनलाइन पेमेंट पण टाकून द्या ना" असं सांगू नका, कारण ते एका बटणाचं काम नाहीये. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या, पॅन, बँक खातं, धंद्याचे कागद मागतात, आणि साईटवर अटी, प्रायव्हसी पॉलिसी, रिफंड पॉलिसी आणि संपर्काचं पान तयार आहे का ते बघूनच चालू करतात. हवं असेल तर पहिल्याच मीटिंगला बोला. तिथेच पैशांचंही स्पष्ट करून घ्या, अ‍ॅडव्हान्स किती, कुठल्या टप्प्याला किती, आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय की वर लागणार, आणि तुम्ही टीडीएस कापणार असाल तर तेही आधीच सांगा, नंतर त्यावरून उगाच कटुता येते.

लाईव्ह झाल्यावर काहीतरी बिघडलंय

ईमेल येणं बंद झालंय? बहुतेक वेळा नवीन होस्टिंगसाठी (साईट ठेवायच्या जागेसाठी) नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलले आणि जुन्या नोंदींमधली (डीएनएसमधली) मेल कुठे जायचा ते सांगणारी एमएक्स रेकॉर्ड तिकडे नेलीच नाहीत. बदलायच्या आधी सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढा, आणि शक्य असेल तर नेमसर्व्हरला हात न लावता फक्त साईटची ए रेकॉर्ड, म्हणजे साईट कुठे आहे ते सांगणारी नोंद, बदला. हे काम शनिवारी संध्याकाळी करू नका, बिघडलं तर सोमवारपर्यंत कोणी फोन उचलत नाही आणि तोवर ऑर्डरींची मेल परत जातात.

साईट गूगलवर येतच नाही? वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना रोखणारी एक टिक असते, साईट बनत असताना ती लावतात आणि लाईव्ह करताना काढायला विसरतात. ती काढा, गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात साईटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या, आणि मग धीर धरा. जुनी साईट होती आणि नवीन आल्यावर गिऱ्हाईक कमी झालं असेल तर जुन्या पानांचे पत्ते नवीन पानांकडे ३०१ ने, म्हणजे कायमचे, वळवलेत का ते बघा.

चौकशीच्या फॉर्मचे मेल मिळत नाहीत? आधी स्पॅम बघा. तिथेही नसतील तर फॉर्म मेल पाठवताना पाठवणारा म्हणून भरणाऱ्याचाच जीमेल पत्ता लावत असेल, असे मेल समोरचा सर्व्हर खोटे समजून नाकारतो. पाठवणारा पत्ता तुमच्या डोमेनचा हवा, पाठवणं एसएमटीपीने, म्हणजे खऱ्या मेल खात्यातून, मेल तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी लावलेल्या, आणि भरणाऱ्याचा पत्ता फक्त रिप्लायसाठी. लाईव्ह झाल्यावर मालकाने स्वतः दुसऱ्याच्या फोनवरून फॉर्म भरून बघावा, कॉलचं बटण दाबून बघावं, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबून बघावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये नंबरच्या आधी ९१ लागतं, शून्य किंवा अधिकचं चिन्ह टाकायचं नाही.

"बदल केलाय म्हणता, मला तर जुनंच दिसतंय" हा फोन आला तर ती कॅश (cache), म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रत, असते. ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये उघडा, तिथेही जुनं दिसलं तर कंपनीला सर्व्हरची कॅश साफ करायला सांगा.

साईट ताब्यात घेताना अ‍ॅडमिनचं खातं तुमच्या ईमेलवर, होस्टिंगचं लॉगिन, डोमेनचं लॉगिन, अ‍ॅनालिटिक्स (साईटच्या भेटी मोजणारं साधन) आणि सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून तुमचं नाव, एवढं हातात आल्यावरच शेवटचा हप्ता द्या, चांगली कंपनी याला कधीच नाही म्हणत नाही. वार्षिक मेंटेनन्स घेताना त्यात काय येतं ते लिहून घ्या, अपडेट कोण करणार, बॅकअप कुठे ठेवणार, साईट पडली तर किती तासांत बघणार. फुकटात मिळालेली चोरीची पेड थीम कोणी टाकली असेल तर ती आजच काढायला लावा, त्यातून साईटमध्ये व्हायरस शिरतो. आणि बॅकअपची एक कॉपी होस्टिंगच्या बाहेर, तुमच्या स्वतःच्या ड्राईव्हवर ठेवून घ्या, आणि वर्षातून एकदा कंपनीला त्यावरून साईट उभी करून दाखवायला सांगा.